गाडीखालचा गंज : वाचकांच्या शंका, आमची उत्तरं

मे महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : पावसाळ्याआधी गाडीला खालून काळा रंग मारून घेऊ का? यंदा अशी पत्रं इतकी आली की हे पूर्ण सदरच गंजाला दिलं आहे. पत्रं लांबलचक होती, ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझी २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. मिस्त्री म्हणतो, खालून पत्रा सडलाय. पेंटर म्हणतो, चार हजारांत अंडरकोटिंग मारून देतो, पाच वर्षं बघायला नको. डेंटर म्हणतो, भंगारात काढा. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : इतक्यात कोणाचंच नको. पत्रा वाजवून पाहिल्याचं तिघांपैकी कोणीच म्हटलेलं नाही.

पेंटरचा सल्ला सगळ्यात महाग पडेल, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते, आणि मीठ ते काम भराभर करून घेतं. यात मीठ खर्ची पडत नाही. गंजाच्या पापुद्र्याखाली ते तसंच बसून राहतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि पुढचा थर खायला लागतं. अशा पत्र्यावर डांबरी किंवा रबरी कोट मारला की मीठ आत कोंडलं जातं. वर्ष-दोन वर्षांत कोट कडेला तडकतो, तिथून पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून सगळं काळंभोर, आतून भुसा. चार हजारांत पाच वर्षं बघायला नको, हे त्या अर्थानं खरंच आहे. काही दिसणारच नाही.

आता तपासणी. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायच्या तर त्यासुद्धा न गंजलेल्या जागी. आधी खालून गोड्या पाण्यानं दाबानं धुवा आणि दोन दिवस उन्हात सुकू द्या, कारण चिखलाखाली काहीच कळत नाही. मग एक छोटी हातोडी, बोथट स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक आणि बॅटरी घेऊन बसा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला थप्प असा आवाज देतो. थप्प वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर अंगठ्याच्या जोरानं दाबा. आत गेला किंवा पत्रा लवला, तर तो गेला म्हणायचा. चुंबक धरत नसेल तर खाली पत्रा नाही, आधीच्या कोणीतरी भरलेली लांबी (पुट्टी) किंवा फायबर आहे. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या पाइपांवर मात्र हातोडी-स्क्रूड्रायव्हर चालवू नका. ते डोळ्यांनी आणि बोटांनीच तपासायचे.

सापडलेल्या प्रत्येक जागेवर खडूनं खूण करा. त्यानंतर एकच प्रश्न : ही जागा कशाजवळ आहे? ब्रिटनमध्ये गाड्यांच्या वार्षिक एमओटी तपासणीत एक सोपा नियम वापरतात. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सबफ्रेम किंवा सीटबेल्ट जिथे बॉडीला जोडलेले असतात, त्यापासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. आपल्याकडेही घरच्या घरी निर्णय घ्यायला ही पट्टी उत्तम आहे. स्टेपनीच्या खड्ड्याला हाताएवढं भोक पडलं तर ती डोकेदुखी आहे. पण लोअर आर्म किंवा मागच्या अ‍ॅक्सलचा आर्म जिथे बॉडीला पकडलाय, तिथे रुपयाएवढं भोक पडलं तर गाडी त्या दिवसापासून चालवायची नाही. रनिंग बोर्ड, म्हणजे दरवाजांखालची लांब पेटी, हीसुद्धा शोभेची नाही. लहान गाड्यांत बॉडीचा बराच भार ती उचलते. जॅक लावल्यावर तो आत रुतत असेल, किंवा एका बाजूनं गाडी उचलल्यावर दरवाजा घासायला लागला, तर ती पेटी आतून संपली आहे.

डेंटरचं म्हणणं खरं ठरण्याची शक्यताही आहेच. अशा जोडांच्या जागी दोन किंवा जास्त ठिकाणी पत्रा गेला असेल आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, तर आमचं मत भंगाराच्या बाजूनं. मात्र गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नोंदणी रद्द होते आणि नवी गाडी घेताना करात सवलतही मिळते. नाहीतर गाडी कापली जाते आणि कागदावर ती तुमच्याच नावावर फिरत राहते.

प्रश्न : ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट सतत ओली असायची. उचलून पाहिलं तर तळहाताएवढं भोक, खालचा रस्ता दिसतो. डेंटर म्हणतो, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा रिव्हेटनं मारतो आणि कडेनं एम-सील भरतो. टिकेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पावसाळाभर पाणी अडेल. पण रिव्हेटवर टेकवलेला पत्रा भार घेत नाही. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी अडकून पुढच्या वर्षी भोक रिव्हेटच्या बाहेर सरकतं, आणि तेव्हा तळहाताऐवजी ताट मोजावं लागतं. पत्रा वेल्डच करायला हवा.

त्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. ते न थांबवता केलेलं वेल्डिंग वाया जातं. एकाला आत बसवा आणि बाहेरून पाइपानं पाणी सोडा. आधी दरवाजाच्या खालच्या भागावर, मग वायपरखालच्या जाळीवर, शेवटी काचेच्या रबरावर. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. नेहमीचे गुन्हेगार चार : वायपरखालच्या पन्हळीत साचलेला पालापाचोळा, दरवाजाच्या आतलं फाटलेलं प्लास्टिक (स्पीकर बसवताना फाडलेलं असतं), एसीची चोक झालेली पाण्याची नळी आणि जुनं काचेचं रबर. ओल चिकट असेल आणि तिला गोडसर वास येत असेल तर ते पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे.

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर दहा मिनिटं थांबून मगच सीटखालचे पिवळे कनेक्टर सोडवा. सीट, मॅट आणि पत्र्याला चिकटलेलं डांबरी अस्तर काढा. अस्तर हीट गननं मऊ करून खरवडायचं, कारण वेल्डिंगच्या वेळी ते पेटतं. खालच्या बाजूनं ब्रेक पाइप, पेट्रोल पाइप आणि वायरिंग कुठून जातं ते पाहून बाजूला बांधा. भोक टाकीजवळ असेल तर टाकी उतरवल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू देऊ नका. शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक हवाच. फोमच्या सीटवर एक ठिणगी पुरे.

कापताना हात आखडू नका. तळहाताएवढ्या भोकाला बहुधा वहीच्या पानाएवढा तुकडा निघतो. ग्राइंडरवर वायर कप (तारांचा ब्रश) लावून घासत जा, चकचकीत आणि पूर्ण जाडीचा पत्रा लागला की त्याच्याही पुढे साधारण २५ मिलिमीटरवर कापा. कोपरे गोल ठेवा, काटकोनी कोपऱ्यातून चीर सुटते. पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहा, मग पत्रा कापा. २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा सीआर (बिनमुलाम्याचा साधा) पत्रा घ्या. लहान गाडीचा मूळ पत्रा ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे "मजबूत होईल" म्हणून १६ गेज लावण्यात फायदा नाही. जाड पत्रा तापेपर्यंत बारीक पत्र्याला भोकं पडतात. जीआय पत्रा नको : वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो, आणि टाकाही सच्छिद्र बसतो.

तुकडा १२ ते १५ मिलिमीटर एकमेकांवर चढेल असा ठेवा आणि दोन्ही पत्र्यांच्या चढणाऱ्या कडांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर लावा. वेल्डिंग सीओटूनं (कार्बन डायऑक्साइड वायू आणि सरकती वायर वापरणाऱ्या मशीननं), ०.८ मिलिमीटर वायरनं. गॅस वेल्डिंगला नाही म्हणा. त्यात पत्रा दूरवर तापतो, वाकतो आणि आजूबाजूचा मूळ लेपही जळतो. आधी दर ३० मिलिमीटरला एक टाका, समोरासमोरच्या बाजूंना आलटून-पालटून. मग मधल्या जागा भरत सलग शिवण पूर्ण करा. एका दमात ओढलेली शिवण पत्र्याला लाट आणते.

घासून झाल्यावर खरी कसोटी. उघडा पत्रा गोड्या पाण्यानं धुवून सुकवा आणि काही तास पाहा. दमट हवेत काळपट, ओले ठिपके परत उमटले तर खड्ड्यांत मीठ शिल्लक आहे. पुन्हा धुवा, पुन्हा घासा. जिथे वायर कप पोचतच नाही अशा बारीक जागांपुरताच रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणारं रसायन. तो पातळ गंजावर काम करतो, पापुद्र्यांवर ओतून उपयोग नाही. फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवून सुकवा, कारण उरलेल्या आम्लावर इपॉक्सी नीट पकडत नाही. नंतर दोन्ही बाजूंनी दोन-भागी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. नुसता रेड ऑक्साइड पाणी पितो, त्यावर थांबू नका. सांध्यांवर पीयू सीम सीलर (फटी बुजवणारा रबरासारखा लेप), आणि तो सुकल्यावर खालून खडीपासून बचाव करणारा कोट. कोटिंगची जागा ही : स्वच्छ, बंद केलेल्या पत्र्यावर, सगळ्यात शेवटी. फ्लोअरमधली रबरी बुचं परत बसवायला विसरू नका. भोकं नको म्हणून त्यांवर सीलर फासणारे कारागीर भेटतात.

हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असताना रंग मारू नये, म्हणजे जुलै बाद. मेअखेरपर्यंत उरकलं नाही तर पावसाळाभर भोकावर तात्पुरतं झाकण ठेवून दिवाळीनंतर करा.

प्रश्न : मासळी वाहणारी पिकअप आहे, हर्णे ते मुंबई फेऱ्या. मागच्या हौद्याखाली चॅसिसचे पापुद्रे निघतात. वेल्डर म्हणतो, वरून जाड पट्टी मारतो.
— एक वाचक, दापोली

उत्तर : तुमच्या चॅसिसवर खाऱ्या हवेपेक्षा बर्फाचं खारट पाणी जास्त पडतंय. आधी हौद्याच्या तळाला निचऱ्याची नळी बसवून पाणी चॅसिसच्या बाहेर, टायरपासून दूर काढा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं गोड्या पाण्याचा पाइप हौद्यात तर माराच, पण चॅसिसच्या आतल्या बाजूंनाही मारा. एवढ्यानं नवीन गंजाचा वेग निम्म्याहून कमी झालेला दिसेल, असं आम्हांला वाटतं.

पट्टीबद्दल सावध. शिडीसारखी चॅसिस थोडी पिळली जाण्यासाठीच बनवलेली असते. मधेच जाड पट्टी मारली की ती जागा ताठ होते आणि पट्टी संपते तिथे चॅसिसला चीर जाते. पट्टी मूळ जाडीचीच हवी. तिची टोकं सरळ न कापता तिरपी, पतंगाच्या आकारात कापावी, म्हणजे टाका चॅसिसला आडवा जात नाही. चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पाटीच्या कडांवर टाका नको, तिथेच ताण सर्वांत जास्त असतो. वेल्डिंगचे रॉड ७०१८ नंबरचे, सुकवलेले. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडून ठेवा.

पण पट्टी मारण्याजोगं लोखंड उरलंय का, ते आधी मोजा. पापुद्रे हातोडीनं पूर्ण झाडून अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावून घ्या; फॅब्रिकेशनची तपासणी करणाऱ्यांकडे तो असतो. न गंजलेल्या पुढच्या भागाच्या तुलनेत पाव जाडी गेली असेल तर आम्ही पट्टीच्या भानगडीत पडणार नाही; कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चॅसिस बदलण्याचं विचारा. चॅसिस बदलायची किंवा नंबर ठोकलेल्या जागेजवळ काही कापायचं तर आधी आरटीओत विचारल्याशिवाय ग्राइंडर लावू नका. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला जावं लागतं, आणि घासून पुसट झालेला नंबर तिथे मोठी अडचण करतो.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात गाडी दोन दिवस पाण्यात होती. तेव्हा इंजिन, वायरिंग, सीट सगळं केलं. आता रनिंग बोर्डच्या शिवणीतून तांबडं पाणी गळतं.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वाशिष्ठीचा गाळ पेटीत तसाच आहे. पुरानंतर दिसेल ते सगळे धुतात, पण रनिंग बोर्ड, दरवाजे आणि खांब आतून पोकळ असतात. त्यांची निचऱ्याची भोकं गाळानं बुजली की आत कायमचा ओला पोटीस बसतो.

पेटीच्या खालच्या कडेची भोकं तारेनं मोकळी करा. मोबाइलला जोडायचा कॅमेरा दरवाजाच्या पट्टीखालच्या बुचातून आत घालून पाहा. फक्त तांबूस झाक असेल तर वाचलं. कमी दाबानं पाणी सोडून खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. मग हवा मारून आठवडाभर कडक उन्हात, बुचं काढून ठेवा. पूर्ण सुकल्यावर कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत फवारायचं मेण), लांब लवचीक नळीनं आणि चारही बाजूंना फवारणाऱ्या तोंडानं. नळी शेवटापर्यंत घालून फवारत मागे ओढायची. लहान गाडीच्या दोन्ही रनिंग बोर्ड, चार दरवाजे आणि डिकीच्या कडा यांना दोन ते तीन लिटर लागतं. खालच्या भोकांतून वॅक्स ठिबकलं की पोचलं समजा, आणि नंतर तीच भोकं तारेनं पुन्हा मोकळी करा. मधल्या खांबात फवारण्याआधी सीटबेल्टची गुंडाळी काढून ठेवा किंवा पिशवीत बांधा. वॅक्स लागलेला बेल्ट परत आत जात नाही.

कॅमेऱ्यात पापुद्रे किंवा उजेड दिसला तर बाहेरून तुकडा लावून भागणार नाही. या पेटीत बाहेरचा, आतला आणि बहुतेक गाड्यांत मधला मजबुतीचा असे थर असतात, आणि सडणं आतून बाहेर येतं. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवा-तिरपा वेल्ड करून चौकट जखडायला सांगा. नाहीतर पेटी कापल्यावर गाडी मधे बसते आणि नवी पेटी त्या वाकड्या मापातच वेल्ड होते. मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू. खूप खपलेल्या मॉडेलांची तयार पॅनल बॉडी पार्टच्या दुकानांत मिळतात. कंपनीनं जिथे स्पॉट वेल्ड दिले होते तिथे नव्या पॅनलला ८ मिलिमीटरची भोकं पाडून, ३० ते ४० मिलिमीटरच्या अंतरानं, भोक भरून टाके घ्यायचे. हे काम कोणाकडे द्यायचं हे ठरवताना एकच विचारा : चौकट कशी जखडणार? "गरज नाही" म्हणाला तर दुसरा डेंटर बघा.

प्रश्न : पावसाळ्याआधी खालून डिझेल किंवा काळं ऑइल मारून घेतो. चूक आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो. डिझेल पावसात लवकर धुवून जातं, पण तेवढ्यात सस्पेन्शनचे रबरी बुश आणि बूट फुगवतं. इंजिनमधून काढलेल्या जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं असतात. वर ते सायलेन्सरजवळ धुरकटतं, ब्रेकवर गेलं तर विषयच संपला, आणि उरलेलं सगळं विहिरीच्या पाण्यात. त्यापेक्षा लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणाचं) किंवा साध्या मेणाचं फवारणीचं द्रव्य घ्या. सायलेन्सर, डिस्क, ड्रम आणि रबर झाकून, दरवर्षी मे महिन्यात एकदा.

प्रश्न : ब्रेकचा मागचा पाइप गंजून खरबरीत झालाय. मिस्त्री एसीची तांब्याची नळी घालतो म्हणतो.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : अजिबात नको. जोरात ब्रेक दाबल्यावर पाइपात शंभर बारच्या आसपास दाब येतो, आणि शुद्ध तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. मूळ पोलादी पाइप बहुतेक गाड्यांत ४.७५ मिलिमीटरचा असतो, तोच घ्या. समुद्राकाठी त्याहून चांगला तांबं-निकेल मिश्रधातूचा ब्रेक पाइप : गंजत नाही, वाकवायलाही सोपा. टोकाला फ्लेअर, म्हणजे पाइपाचं फुलवलेलं तोंड, मूळ पद्धतीचीच हवी. जपानी-कोरियन घडणीच्या गाड्यांत सहसा दुहेरी फ्लेअर असते, युरोपीय गाड्यांत बुडबुड्यासारखी. एकाच्या जागी दुसरी लावली तर नट घट्ट होतो आणि तरीही गळतं. सडलेला तुकडा मधे कापून कॉम्प्रेशन जोड (नट आवळून रिंग दाबणारा सांधा) लावणं हा तर गुन्हाच समजा. पाइप जिथे क्लिपांत बसतो तिथे चिखल साठून तो आधी सडतो, म्हणून क्लिपही नव्या घाला. हवा काढून झाल्यावर इंजिन सुरू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोड पाहायला सांगा. एक पाइप गेला असेल तर त्याच वयाचे बाकीचे फार मागे नसतात. चारही बदला.

प्रश्न : गंजाचा खर्च विम्यातून मिळतो का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही, तो झीज-तुटीत मोडतो. अपघात झाला तरी दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मी किंमत कापली जाते, झिरो-डेप (घसारा न कापणारं जादा विमा-कवच) नसेल तर.

प्रश्न : इथे आठ हिवाळे झाले. गाडी रात्री घराच्या गरम गॅरेजमध्ये असते, तरी मागची चाकांची कमान गंजलीय. कायमचं रबरी कोटिंग करू?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : गरम गॅरेजमुळेच. रस्त्यावरच्या मिठाचा बर्फ बाहेर गोठलेला असताना फारसं काही करत नाही. आत वितळला की खारट पाणी उबदार हवेत रात्रभर काम करतं. रबरी कोटिंग नको, कारण मालवणला जे सांगितलं तेच. तुमच्याकडे शरद ऋतूत दरवर्षी तेलकट फवारा मारून देणारी दुकानं आहेत, तो मारून घ्या. एक-दोन दिवस ठिबकतो, खाली पुठ्ठा अंथरा. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेलं की खालून धुणारं कार वॉश गाठा आणि त्या रात्री गाडी बाहेरच ठेवा. कमानीच्या आतली कड, जिथे दोन पत्रे दुमडलेत, तिथला चिखल बोटानं काढा. गंज तिथूनच सुरू झालेला असणार.